१२३४५६७८९८७६५४३२१ : सतरा अंकी संख्या कागद-पेनावर कशी उलगडायची

सतरा अंकी संख्या समोर आली की पहिला हात मोबाइलकडे जातो. इथे मुद्दाम तसं करायचं नाहीये. कागद, पेन आणि शाळेतलं आठवी-नववीपर्यंतचं गणित एवढ्यावर या संख्येचे मूळ अवयव, एकूण विभाजक, विभाजकांची बेरीज, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे सगळं निघतं. माझं म्हणणं इतकंच की मोठ्या संख्येवर तुटून पडायचं नाही, ती तयार कशी झाली ते आधी शोधायचं, तो धागा हाती लागला की पुढची आकडेमोड फार किरकोळ उरते. आपली संख्या ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, तीच. हिच्या मागे आपली डोंबिवलीसुद्धा आहे, ते पुढे येतंच.

आधी मशीनला नाही म्हणा

हे ऐकायला जुनाट वाटेल पण करून बघा. एक्सेलच्या एका सेलमध्ये ही संख्या टाइप करा आणि फॉरमॅट नंबरचा ठेवा, तिथे दिसेल १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन अंक गायब, कारण एक्सेल फक्त १५ सार्थ अंक सांभाळतं, पुढे शून्य भरून मोकळं होतं. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला विचाराल तर उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३२०. तिथली साधी संख्या २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच सलग अचूक बसते, त्यानंतर २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली नेमकी त्या पट्ट्यात आणि विषम, त्यामुळे मशीन गुपचूप शेजारच्या सम संख्येवर सरकतं.

एका एककाचा फरक, त्याने काय होतंय असं वाटेल, पण आपल्या संख्येला ३ ने भाग जातो आणि ...३२० ला जात नाही (अंकांची बेरीज ८० येते), म्हणजे तिथून पुढे काढलेला प्रत्येक अवयव दुसऱ्याच कुठल्यातरी संख्येचा. पडताळा घ्यायचाच असेल तर पायथन वापरा, त्यात पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. गंमत म्हणजे पायथनच्या इंट फंक्शनला अवतरणचिन्हांत देवनागरी अंक दिले तरी ते बिनतक्रार समजतं.

वाचायची कशी

उजवीकडून आधी तीन अंक आणि मग दोन-दोनचे गट पाडा: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. रोजच्या भाषेत ही १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१ झाली, म्हणजे कोटी दोनदा म्हणावं लागतं आणि ऐकणारा मध्येच हरवतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे, त्या पद्धतीने ही संख्या फार छान वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. याच्या वरचं स्थान म्हणजे परार्ध, यादीतलं शेवटचं. फक्त एक लक्षात ठेवा, लीलावतीतला खर्व दहा अब्जांचा आहे आणि हिंदी बातम्यांतला खरब शंभर अब्जांचा, दोन्ही मिसळलं की दहापट घोळ.

अशा चढत्या-उतरत्या संख्यांचं कौतुक त्याहीआधीपासून आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी अशी सांगितलीय. आपली ही तिचीच थोरली बहीण समजा.

ती जन्मली कशी, हे शोधा

अंक १ पासून ९ पर्यंत चढतात आणि परत १ पर्यंत उतरतात. हा आकार कुठे तयार होतो ते छोट्या उदाहरणावर बघू, ११११ ला ११११ ने गुणा, अगदी शाळेत करायचो तसं, पण दुसरी ओळ लिहिताना एक घर सोडून:

११११
११११×
११११××
११११×××

या चार ओळी उजव्या कडेला नीट लावून रकान्यांची बेरीज करा. एककाच्या रकान्यात एकच १ आहे, दशकाच्या रकान्यात दोन, मग तीन, मग चार, आणि तिथून पुढे ओळी संपायला लागतात म्हणून तीन, दोन, एक. उत्तर १२३४३२१. कुठेही हातचा नाही.

तेच नऊ एककांनी केलं तर मधल्या रकान्यात नऊ १ येतात, बेरीज ९, अजूनही हातचा नाही. म्हणून

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. सतरा अंकांचा प्रश्न इथे नऊ अंकांवर आला, आणि त्या नऊ अंकांतही फक्त १ आहेत. यापुढे संख्येकडे बघायचंच नाही, तिच्या वर्गमुळाकडे बघायचं.

या कुटुंबाला डेम्लो संख्या असं नाव दिलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा डहाणूचा, शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ चा कापरेकर स्थिरांक बहुतेकांनी ऐकलेला असतो, डेम्लो संख्या मात्र फार कमी जणांना माहीत असतात, आणि मला विचाराल तर ६१७४ पेक्षा यांच्यात खोदण्यासारखं जास्त आहे. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजची डोंबिवली, तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली आणि १९३८ मध्ये द मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात त्यांनी त्यावर लिहिलं. डोंबिवली फास्टमध्ये लटकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल देव जाणे.

भाग जातो का, पटापट कसोट्या

२ आणि ५ तर बघायलाच नको, शेवटी १ आहे. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज: १ ते ९ ची ४५, ८ ते १ ची ३६, मिळून ८१. म्हणजे ९ ने भाग जातो.

७, ११ आणि १३ या तिघांना एकाच झटक्यात उरकता येतं कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-वजा करायचं. वर्गमुळाचे गट १११, १११, १११, म्हणून १११ − १११ + १११ = १११. याचा वर्ग १२३२१, त्याला १००१ ने भागलं की बाकी ३०९. खात्री करायची तर आपल्या सतरा अंकी संख्येवरही तेच करा: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२, उत्तर ३०९ च. आता ३०९ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तरी १, १३ ने भागलं तर १०. तिघेही बाद.

मूळ अवयव

१११११११११ चे तीन-तीनचे गट सारखेच आहेत, म्हणून १११ बाहेर काढता येतो:

१११११११११ = १११ × १००१००१

१११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ आहे म्हणून ३ ने भाग जातो, उत्तर ३३३६६७. झालं:

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

पण थांबा. ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? बहुतेक ठिकाणी इथे नुसतं मूळ आहे असं लिहून पुढे जातात, आणि खरी मजा नेमकी इथेच आहे.

सरळ पद्धत अशी की वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणजे ५७७ पर्यंत जावं लागेल, आणि तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. १०६ भागाकार कोणी करत बसणार नाही, निदान मी तरी नाही.

आता शॉर्टकट. समजा प नावाची एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १११११११११ ला भागते, म्हणजे ९९९९९९९९९ लाही भागते. ९९९९९९९९९ ला भाग जाणं याचा अर्थ असा की १ भागिले प हा दशांशात लिहिला तर त्यातले अंक दर नऊ घरांनी परत येतात, म्हणजे आवर्ती भागाची लांबी ९ तरी असणार नाहीतर ९ चा एखादा विभाजक, १ किंवा ३. लांबी १ असेल तर प ने ९ ला भाग जायला हवा, तिथे फक्त ३ सापडतो. लांबी ३ असेल तर ९९९ ला भाग जायला हवा, ९९९ = २७ × ३७, तिथे नवीन फक्त ३७. राहिली लांबी ९, आणि मूळ संख्येच्या बाबतीत आवर्ती भागाची लांबी नेहमी प − १ ला भागते हा फर्माच्या छोट्या प्रमेयाचाच परिणाम. म्हणजे प − १ ला ९ ने भाग जायला हवा, आणि प विषम आहे म्हणून १८ नेही.

थोडक्यात ३ आणि ३७ सोडले तर फक्त १८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या, ५७७ पर्यंत. ३ जात नाही कारण अंकांची बेरीज २८. ३७ स्वतःही १८ च्या पाढ्यात १ मिळवूनच येतो म्हणून तो यादीतच आहे. पूर्ण यादी, आणि कंसात ३३३६६७ ला भागल्यावरची बाकी:

१९ (८), ३७ (१), ७३ (५७), १०९ (१८), १२७ (३८), १६३ (६), १८१ (८४), १९९ (१४३), २७१ (६६), ३०७ (२६५), ३७९ (१४७), ३९७ (१८७), ४३३ (२५७), ४८७ (७२), ५२३ (५१६), ५४१ (४११), ५७७ (१६१).

१०६ ऐवजी १७ भागाकार, चहा होईपर्यंत उरकतात. एकातही बाकी शून्य नाही म्हणून ३३३६६७ मूळ आहे, आणि आता हे कोणाच्या सांगण्यावरून नाही तर आपण तपासून म्हणतोय.

वर्ग केला की सगळे घातांक दुप्पट:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग

विभाजक किती आणि त्यांची बेरीज

घातांक ४, २, २. प्रत्येकात १ मिळवून गुणा: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. आकडा विषम आला, यायलाच हवा, कारण पूर्ण वर्गाचे विभाजक जोडीजोडीने लावले तर वर्गमूळ एकटंच उरतं. सम आला असता तर कुठेतरी चुकलंय हे तिथेच कळलं असतं.

बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाची ओळ वेगळी करायची. ३ ची: १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. ३७ ची: १ + ३७ + १३६९ = १४०७. तिसरी जरा लांब, ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९, त्यात ३३३६६७ आणि १ मिळवले की १११३३४०००५५७. तिघांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९. यातून आपली सतरा अंकी संख्या वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे स्वतःला वगळून बाकी विभाजकांची बेरीज संख्येच्या जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण होण्यापासून ती फार दूर आहे, अशा संख्येला न्यून म्हणतात. हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती, हे हवं असेल तर ५४ × १३३२ × १११३३३३३३२२२ करा, ८००७९८३९९१९९२०१६ येतील.

हर्षद आहे का

आपल्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या, हे नावही कापरेकरांचंच. बेरीज ८१ आहे हे वर आलंच. ८१ म्हणजे ९ चा वर्ग, आणि १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ (यात ८ नाही, नीट बघा). म्हणून भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हर्षद आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणा. ८१ हा ९ चा वर्ग म्हणून उत्तर ९ × १११११११११ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग: ९९९९९९९९८००००००००१.

आता सतरा अंकांचे दोन तुकडे करा, उजवीकडचे नऊ आणि डावीकडचे आठ, आणि बेरीज घ्या:

९८७६५४३२१ + १२३४५६७८ = ९९९९९९९९९

हा योगायोग नाही, कारण आपली संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ आहे. ९९९९९९९९९ ने गुणणं म्हणजे १२३४५६७९ च्या पुढे नऊ शून्यं लावून त्यातून १२३४५६७९ वजा करणं, करून बघितलं की अंक कसे पडतात ते डोळ्यांसमोर दिसतं आणि ९८७६५४३२१ कुठून आला हेही.

दोन वर्गांची बेरीज

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग हाच. १११११११११ लांबीचा कर्ण असलेला काटकोन त्रिकोण, बाकी दोन बाजूही पूर्णांक, असा आहे का? यासाठी कर्णाच्या मूळ अवयवांना ४ ने भागून बाकी बघायची. ३ ची बाकी ३, ३३३६६७ ची बाकी ३ (शेवटचे दोन अंक ६७ बघितले की पुरे), आणि ३७ ची बाकी १. बाकी १ असलेलाच अवयव कामाचा, बाकीचे नुसते गुणक म्हणून सोबत येतात.

३७ = ३६ + १ म्हणजे ६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. यावरून ३७ कर्णाचा त्रिकोण काढायचा: एक बाजू ३६ − १ = ३५, दुसरी २ × ६ × १ = १२. पडताळा, १२२५ + १४४ = १३६९, बरोबर ३७ चा वर्ग. आता सगळ्याला उरलेल्या ९ × ३३३६६७ = ३००३००३ ने गुणा:

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

एका बाजूत १०५ तीनदा, दुसरीत ०३६ तीनदा, फक्त पहिलं शून्य लिहीत नाही इतकंच. आणि कामाचा अवयव एकच, तोही एकदाच आलेला, म्हणून या कर्णाचा पूर्णांक बाजूंचा दुसरा काटकोन त्रिकोण अस्तित्वातच नाही.

दहावा १ लावला की

हेच सगळं दहा एककांवर करून बघा. मधल्या रकान्यात बेरीज १० होते, पहिल्यांदाच हातचा येतो आणि चढ-उतार बिघडते: १११११११११११ लिहू नका, तिथे अकरा होतात, दहा मोजून लिहा, ११११११११११, आणि त्याचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. इथे अंकांची बेरीज ८२, ती सम आणि संख्या विषम, म्हणजे एक ओळही न भागता हर्षद नाही हे ठरलं. वर्गमुळाचे मूळ अवयव ११ × ४१ × २७१ × ९०९१, चारही वेगवेगळे, म्हणून वर्गाला ३ × ३ × ३ × ३ = ८१ विभाजक. ४ ने भागल्यावर बाकी १ देणारा यातही एकटा ४१ च आहे, आणि ४१, ४०, ९ चा त्रिकोण घेऊन २७१००२७१ ने गुणलं की दहा एककांच्या कर्णाच्या बाजू मिळतात १०८४०१०८४० आणि २४३९०२४३९.